ताईचा हासरा फोटो

जर्मनीच्या प्रोफेसर साहेबाले जय भीम.

साहेब, जयवंताताईच्या फेलोशिपच्या अर्जावरचा फोटो मीच बदलला. टपालात टाकाले तिनं मले अर्ज देला, अन् बाबानं वर्ध्याच्या नवरदेवाकडे धाडाचं पाकीट, त्यातबी ताईचा फोटो. अर्जात ताई बिमार दिसे, लग्न जमवाच्या फोटोत मस्त हासे. हासरा फोटो मी कैचीनं कापून तुमच्या अर्जाले लावला, बिमारवाला वर्ध्याले धाडला.

वर्धेवाले नाही म्हणाले. तुमी बोलावलं. बाबा म्हणे, "जाय मंग."

पण साहेब, अर्जावर लिवलेले तुमचे सात देश मिळून संत्र्याच्या झाडाले रोगानं येते तो डिंक पाहाले एका पोरीले पैसे काहून देऊन राहिले? ताईले इचारलं तर म्हणे, "पाहून आल्यावर सांगीन तुले."

बाबाले कळलं तर तो ताईचा नवा चांगला फोटो काढून पुन्हा वर्ध्याले पाठवन. हे पत्र टाकाची माही हिंमत नाही, पण टाकलंच तर पाया पडतो, कोणाले सांगू नका.

तिचा लहाना भाऊ,
लहानू