गाऱ्हाण्यातलं ते एक वाक्य

प्रिय अण्णा,

समोर होतात तेव्हा धड दोन वाक्यं बोललो नाही, आणि आता पत्र लिहितोय. पण तक्रारच तुमच्याबद्दल आहे, ती दुसऱ्या कोणाला सांगू? मी अडकलोय, अण्णा. तुमच्यामुळे.

घाटकोपरचं आपलं थेटर शेठ नव्याने बांधतोय. पत्रे उतरवले, खुर्च्या भंगारात गेल्या. व्हिडिओ आल्यापासून खेळ बंद, तिथे सिमेंटच्या गोण्याच होत्या म्हणा. एका तिकिटात दशावतार, जादूगार, नकला, सगळं दिसायचं तिथे! तो सायकलवर उभा राहून बासरी वाजवणारा आठवतो? परवा माहुलला बोंबील घेताना दिसला. ओळख दिली नाही. जाऊ दे, विषय तो नाही.

विषय असा की, जुना स्टेज उखडायला सुतार तयार होईनात. सगळे आपल्या कोकणातलेच. सावळाराम मिस्त्री म्हणाले, आधी देवाला गाऱ्हाणं, मग पहार. दर खेळाआधी नारळ ठेवून ते तुम्ही घालायचात, म्हणून आता तुमच्या मुलाने घालायचं. मी म्हटलं, मला सुरतेला जायचंय, सर्कशीत तंबू ठोकायचं काम मिळालंय.

"पाच मिनटांचा काम. घाल आनि जा."

घातलं. लहानपणापासून विंगेत उभं राहून ऐकलेलं, सगळं पाठ. मी "बा देवा म्हाराजा" म्हटलं की सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचे. मजा वाटायला लागली, आवाजही तुमच्यासारखा निघाला. त्याच भरात तुमचं ते वाक्य तोंडातून गेलं, "ह्या रंगमंचाची राखण आमच्याच घरचो माणूस करतलो."

"व्हय म्हाराजा!"

आता आई सोडली तर घरचं माणूस म्हणजे कोण? मीच ना!

तेव्हापासून पिशवी खांद्याला लावली की मिस्त्री विचारतात, "खंय चललंस, राखणदारा?" हसतात, पण वाटेतून हलत नाहीत. शेठने किल्ल्या हातात दिल्या. सर्कस सुरतेहून पुढे गेली आणि मी नव्या भिंतींवर पाणी मारतोय.

काल आईवर चिडलो. म्हटलं, मला न विचारता अण्णांनी मला बांधून ठेवलं. ती म्हणाली, आजोबा पेट्रोमॅक्सवर खेळ करायचे तेव्हा ते वाक्य नव्हतंच. मी झालो त्या वर्षी तुम्ही एका नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर निघणार होतात. गेला नाहीत, इथेच राहिलात, आणि गाऱ्हाण्यात ते वाक्य घातलंत.

म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतंच? स्वतःचेच पाय बांधायला होतं? मग एकदा तरी सांगायचंत की हो! मी रोज पळून जायच्या गोष्टी करायचो, तेव्हा तुम्ही नुसते पडद्याच्या दोऱ्या तपासत बसायचात.

शब्द देतो. पहिला खेळ लागेपर्यंत थांबतो. त्या दिवशी गाऱ्हाणं मीच घालीन, तुमच्याच चालीवर. फक्त त्या वाक्याच्या जागी म्हणेन, "ह्या घरच्या माणसाक आता वाटेक लागूंदे."

असाल तिथून तुम्ही व्हय म्हणा. बाकीचे गप्प राहिले तरी चालेल.

तुमचा,
विजू