डावा बूट आधी

३ मार्च

मोलकरणीचं काम मिळालं! म्हणजे नाटकात. घरी इकडची काडी तिकडे न करणारी मी, आणि स्टेजवर माझ्या हातात फडकं!

गोष्ट अशी – मालकीण मूल सोडून परदेशी जाते, मोलकरीण ते वाढवते, पाच वर्षांनी मालकीण परत येऊन मूल मागते. न्यायाधीश दोघींच्या हातात मुलाचा एकेक बूट देतो. मूल जिच्यापुढे पाय करेल, तिचं. दिग्दर्शकाला मूल खरं हवंय. म्हणून आमची लेक ठकी, वय चार. आणि ठकी म्हटली की आमच्याकडे कामाला असलेली मावशी आलीच. ठकी तीन महिन्यांची असल्यापासून तीच तिला सांभाळते.

११ मार्च

तालमीचा पार विचका! ठकीने मालकिणीपुढे पाय केला नाही, माझ्यापुढेही नाही. तशीच मोजे घसटत विंगेत गेली आणि मावशीपुढे पाय केला. सगळे हसले. मीही हसले.

१२ मार्च

दिग्दर्शक म्हणाला, मावशीला आणू नका. आणली नाही. ठकी दारातून आत यायलाच तयार नाही. मावशीला बोलावून घेतलं.

१५ मार्च

शेवटी मावशीलाच विचारलं, ठकी तुझ्यापुढेच पाय का करते? "डावा आधी, ताई. आणि घालण्याआधी तळव्यावर दोन टिचक्या." एवढंच! चार वर्षांत मला माहीत नव्हतं. तिने आढेवेढे न घेता शिकवलं. मी सोफ्याच्या पायावर सराव केला. नवरा बघत होता.

पण मी नक्की कोण? स्टेजवर ओरडते – जिने वाढवलं तिचं मूल! घरी येऊन मावशीला सांगते, तेवढे कप विसळून टाक. डोकं भंजाळलंय.

२२ मार्च

दुपारी पहिला प्रयोग. डावा बूट, दोन टिचक्या – आणि पाय पुढे आला! टाळ्या थांबेनात. मी खरंच रडले. लोक म्हणाले, काय अभिनय! माझीच मुलगी मी मोलकरीण बनून जिंकली, तेही मावशीची युक्ती चोरून. हा न्याय म्हणायचा की काय, कळत नाही. ठकी तर माझ्या खांद्यावरून विंगेकडेच बघत होती.

मावशीला विचारलं, कसं झालं? छान म्हणाली. मग ठकीचे बूट पुसता पुसता म्हणाली, "त्या मोलकरणीचं स्वतःचं मूल कुठे होतं हो, एवढे दिवस?"

म्हटलं, तिला मूल आहे असं नाटकात लिहिलेलंच नाही.

२३ मार्च

मावशीने दोन दिवस सुट्टी मागितली. एरवी महिन्यातून एक रविवार घेते. कशाला, म्हणून विचारलं.

"माझा मुलगा बहिणीकडे वाढतोय. ठकीएवढाच आहे. त्याला बूट घेतलेत. बघते, माझ्यापुढे पाय करतो का."