पहिल्या रांगेतली खिडकी

रविवार, ८ जून. मुलुंड

लडाखहून येऊन तीन दिवस झाले, तरी ती खिडकी डोक्यातून जात नाही.

टूरच्या गाडीत रोज एक रांग पुढे सरकायचं, हा नियम. पँगाँग तलावाच्या वाटेवर नेमकी माझी पाळी पहिल्या रांगेतल्या खिडकीची. बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, हिमशिखरं आणि सरोवरं फळ्यावर खडूने काढली. प्रत्यक्षात एकही पाहिलं नव्हतं. आणि गाडीत चढताना सुधीर सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनीला गाडी लागते गं, तिला बसू दे ना तिथे. तुला काय, कुठेही चालतं."

पण नवऱ्याला एकट्याला दोष कसा देऊ? मीच म्हणाले, "बसा ना वहिनी." का म्हणाले? आख्खा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई मी!

त्यांच्या जागी शेवटच्या रांगेत, बॅगांच्या ढिगाआड बसले. जाऊबाईंनी गोळी घेतली, ऊन येतं म्हणून त्या खिडकीचा पडदा ओढला आणि तलाव येईपर्यंत घोरल्या. पुढचे लोक "अरे, याक बघ, याक!" ओरडत होते. मला बॅगांच्या फटीतून त्या पडद्यावरची फुलं तेवढी दिसत होती. तलावाशी उतरलो अर्धा तास, पण वाट गेली ती गेलीच.

आज संध्याकाळी जाऊबाईंचा फोन. "वाटेत काय काय होतं गं? मी मेली झोपले. नातवाला सांगायचंय."

सांगितलं मी. कुरणं, शिखरं, बर्फ वितळून वाहणारे ओढे. फोन ठेवल्यावर कळलं, सगळं पाठ्यपुस्तकातलं होतं.