हनुवटीला हात लावलेला माणूस

सोमवार, ६ जानेवारी २०२५

बसवला एकदाचा पुतळा! क्रेन दुपारी येणार होती, आली पाचला. तोवर मी उपाशी.

फायबरचा आहे, वरून पितळी रंग. परदेशातल्या फार नावाजलेल्या पुतळ्याची नक्कल म्हणे — विचार करणारा माणूस. दगडावर बसलाय, हनुवटीखाली मूठ. अंगावर चिंधीसुद्धा नाही! बागेच्या कमिटीचे अध्यक्ष उदयसिंहदादा, त्यांनी मोबाइलवर फोटो बघून ऑर्डर दिली होती. फोटोत मांडी आड आली असणार. बाग झाडायचं काम माझ्याकडे होतंच, आता हाही पुसायचा.

मला मात्र बघताक्षणी घर आठवलं. आमचे हे असेच बसतात.

बुधवार, ८ जानेवारी

फिरायला येणाऱ्या बायकांनी वाट बदलली. दादांचा हुकूम — धोतर नेसवा. नेसवलं मीच. दगडाला चिकटलेला माणूस, कासोटा घालायचा कुठून? शेवटी लुंगीसारखं गुंडाळलं. आता दर आठवड्याला ते धुवायचं. घरचं धुणं काय कमी होतं!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सणासुदीला हे तसेच बसलेले बघून आत्यांचा तोल गेला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, ह्यांच्या आई. म्हणाल्या — "नाथा, हनुवटीचा हात काढ रं. घरात कोण मेलंय व्हय?" ह्यांनी हात खाली घेतला. थोड्या वेळानं परत वर.

पलटणीतून पेन्शनीवर येऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून उंबरा ओलांडला तो फक्त सांगलीच्या डॉक्टरकडे जायला. गोळ्या चालू, बोलणं बंद. मी थकले आहे. बाहेर कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते. फार थकले आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

काल जेवताना सहज म्हटलं होतं, बागेत तुमचा भाऊ येऊन बसलाय. आत्याच तेवढ्या हसल्या.

आज दुपारी बघते तर हे बागेत! एकटे, चालत! पुतळ्यासमोरच्या बाकावर बसले, दोन तास. उठले आणि गेले.

सोमवार, २० जानेवारी

आजपण आले.

शुक्रवार, २४ जानेवारी

रोज येतात. रात्री एक भाकरी जास्त खातात. आत्या म्हणतात, त्या पुतळ्यात कायतरी हाय. असेना का! मी तर आता त्याला मनापासून पुसते.

मंगळवार, २८ जानेवारी

दादांच्या पुतण्याचं, विश्वजीतचं लग्न मोडलं. मुलीला पुण्यात नोकरी लागली, तिनं नको म्हटलं, हे साऱ्या गावाला ठाऊक. पण दोघांनी लग्नाआधीचे फोटो ह्याच पुतळ्यापुढं काढले होते ना! विश्वजीतच्या आईनं खापर त्याच्यावर फोडलं. सुतक पडल्यागत बसलेला माणूस, त्याच्यापुढं शुभकार्य उभं राहील कसं? कमिटीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पुतळा हलवायचा ठरलं.

पुतळा गेला की हे परत घरात. मग पुढं सगळं तेच.

बुधवार, २९ जानेवारी

दादांच्या घरी गेले. आजवर कुणापुढं पदर पसरला नव्हता. म्हटलं, "दादा, त्यो हाय म्हणून माझा माणूस घराभाईर पडतोय. एवढा उन्हाळा तरी ऱ्हाऊ द्या."

वाईट वाटलं दादांना, खोटं कशाला बोलू. पण म्हणाले, "वैनी, घरात रोज रडारड चाललीय. माझा इलाज न्हाई."

सोमवार, ३ फेब्रुवारी

नेला. टेम्पोत आडवा घालून. उंब्रजला हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं मागून घेतला. तिथं शोभेल, जेवण येईपर्यंत सगळे तसेच बसलेले असतात. हसू आलं, आणि मग झाडामागं जाऊन रडले.

आज ह्यांना ताप होता म्हणून आले नव्हते. घरी गेल्यावर सांगायचा धीर झाला नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ताप उतरला. हे आले. रिकाम्या चौथऱ्यासमोर त्याच बाकावर बसले. मी झाडत झाडत जवळ गेले आणि खाली बघूनच सांगितलं, पुतळा नेला.

"मी कुठं पुतळा बघतोय," म्हणाले. "सकाळधरनं तू एकदा पण बसत न्हाईस. त्येच बघत हुतो रोज."

दीड वर्षानं एवढं बोलणं! हे बाकावर जरा सरकले. मी झाडू ठेवला आणि बसले.