डब्याची मागची बाजू

प्रिय सुनीती,

डब्यावरचं नारिंगी स्टिकर नखाने खरवडून निघालं आणि त्याच्याखालची बारीक इंग्रजी ओळ मी वाचली, त्या मिनिटाला माझं सगळं बदललं. तो दिवस कुठला ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू पत्र फाडशील, आणि मधलं तुला कळायला हवं.

पण पुढे वाचण्याआधी एक कर. तुमच्या फ्रिजवर ठेवलेला तो चॉकलेटच्या चवीचा प्रोटीनचा डबा उचल आणि बाजूला ठेव. आज संध्याकाळचा ग्लास घेऊ नकोस. आमच्याकडची शुगर-फ्री अंजीर बर्फी उरली असेल तर तीही राहू दे. मग बस, आणि वाच.

आज तेवीस ऑगस्ट, दुपारचा दीड वाजलाय. परवा गणपती, तरी आमचं डाएट मिठाईचं दुकान एक ते चार बंद म्हणजे बंद. श्यामसुंदरशेठ घरी झोपलेत. मागच्या भटारखान्यात सुखदेव कारागीर साखर न घातलेल्या मोदकांचं सारण परततोय आणि मी काउंटरवर बसून बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितोय. फोन करता आला असता. पण फोनवर तू ‘बोल साई’ म्हणतेस आणि माझं बोलणं आपोआप गोड होतं. हे गोड करून सांगण्यासारखं नाही.

दीड वर्षाने तुझं दार वाजवलं तो बुधवार मला कपड्यांसकट आठवतो. ऑर्डरवर नुसता फ्लॅट नंबर होता. दार उघडलंस, माझ्या टी-शर्टवरचं दुकानाचं नाव वाचलंस आणि म्हणालीस, शेवटी तुला कुणीतरी कामावर ठेवलं म्हणायचं. मग पोटावर हात ठेवून हसलीस. पाचवा लागला होता. नवऱ्याची, दिग्विजयची, हिंजवडीला कंपनीची बस सकाळी साडेसातला जाते, तुलाही जायचं होतं, पण रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे डॉक्टरांनी घरी बसवलं, असं सांगितलंस. रक्तात साखर थोडी जास्त निघाली, गोड कमी करा म्हणाले, आणि नेमके डोहाळे गोडाचे. प्रोटीनही वाढवायला सांगितलंय, पण डाळी-उसळी पाहिल्या तरी मळमळतं. तुझ्या सासूबाईंनी आतून विचारलं, कोण आहे गं? तू म्हणालीस, आमच्या कॉलेजचा आहे, आता काळजी नाही, हा देतोय म्हणजे चांगलंच असणार.

हे वाक्य मी त्या दिवसापासून जपून ठेवलंय, सुनीती. माझ्याबद्दल असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. वाशीमला घरी बाबा अजून पाहुण्यांना सांगतात की पोरगा इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे त्यांना खरं काय ते सांगायला नको.

तो डबा तुला मीच निवडून दिला. दुकानात मिठाईशेजारच्या रॅकवर प्रोटीनचे तीन प्रकार होते. समोरच्या जिममधली पोरं नेतात तो मी घेतला, कारण त्याला चॉकलेटची चव होती आणि कॅन्टीनमध्ये तू चॉकलेटच्या वडीसाठी माझ्याशी भांडायचीस. मागच्या बाजूचं मी काहीच वाचलं नाही. उलट आमचं स्टिकर मीच तिथे लावायचो. शेठ म्हणाले होते, पुढे कंपनीचं नाव दिसलं पाहिजे, आपलं मागे लाव. मागे बारीक मजकुराची जागा होती, ती मला मोकळी वाटली.

जुलैपासून जीएसटी आला, किमती बदलल्या, जुनी स्टिकरं काढून नवी लावायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा ती ओळ दिसली. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये. तिच्या खाली घटक: कॅफिन आणि दोन-तीन झाडपाल्यांचे अर्क. हिशोब केला, एका ग्लासात दोन कप कॉफीइतकं. आणि तू मला कौतुकाने सांगितलं होतंस, चहा सोडला बघ बाळासाठी. कॅन्टीनमध्ये दिवसाला सहा कटिंग पिणारी तू. चहा तू दारातून बाहेर काढलास आणि मी तोच डब्यात भरून आत आणून दिला.

मी भटारखान्यात जाऊन सुखदेवला विचारलं, शुगर-फ्रीमध्ये नक्की काय घालता? त्याने सॅकरिनचा डबा दाखवला. साखर नाही ना, मग झालं तर, म्हणाला. तो वाईट माणूस नाही. शेठकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, तिसऱ्या वर्षाला पळालास म्हणून, नाहीतर आज डॉक्टरच झाला असतास. इंजिनिअरिंग करून डॉक्टर होत नाहीत. मी परत स्टिकरं लावायला बसलो.

मग एका प्रसूतिगृहात गेलो. आहाराची माहिती देणाऱ्या बाईंसमोर रांगेत बसलो. सगळ्या बायका पोटुशा, मी एकटा पुरुष. बाईंनी नीट समजावलं. गोडी आणणारे सगळे पदार्थ सारखे नसतात, काही थोड्या प्रमाणात चालतात, पण डॉक्टरांना विचारून. सॅकरिन या दिवसांत टाळलेलं बरं. आणि नाव डाएट असलं तरी खवा, मैदा असतोच, त्याने साखर वाढायची ती वाढतेच. प्रोटीनसाठी दही, पनीर, मुगाचं पातळ वरण, भाजलेले शेंगदाणे, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. पावडर घ्यायचीच तर डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतील तीच, जिमची नाही. घाबरू नका, म्हणाल्या, पण आजपासून बंद करा आणि काय काय घेतलं ते डॉक्टरांना डबा दाखवून सांगा. त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी सोबत जोडली आहे. तिचा वरचा कोपरा मी कात्रीने कापलाय. तिथे पेशंटचं नाव होतं.

गेल्या बुधवारी तू दारात उभी होतीस, डोळ्यांखाली काळं. रात्र रात्र झोप नाही, छाती धडधडते, म्हणालीस. सासूबाई म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, धास्ती घेतलीय. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, होतं ना रे असं? आणि मी नवा डबा तुझ्या हातात देत म्हणालो, होतं असं.

तुला माझा राग माहीत आहे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी सगळ्यांसमोर तुझी फाइल भिरकावली, तू रडलीस आणि मी ती फाइल उचलून त्यांच्या टेबलावर अशी आदळली की त्यांचा चहा त्यांच्या अंगावर. माफीनामा लिही म्हणाले. मी प्राचार्यांच्या केबिनचं दार आपटून निघालो तो परत गेलोच नाही. तू जिन्यात अडवून एवढंच म्हणालीस, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? खरं आहे. जिथे कुणी सांगितलं नव्हतं तिथे मी पेटलो. आणि या वेळी पेटायला हवं होतं, तर थंडगार बसलो.

आता त्या चिठ्ठीवरची तारीख बघ. अकरा जुलै. स्टिकर निघालं ते त्याच्या आदल्या दिवशी. त्यानंतर सहा बुधवार मी तुझ्या दारात आलो. तीन डबे दिले. श्रावणात तुझ्या डोहाळजेवणाला दोन झाकलेल्या वाट्यांसाठी पेढा आणि बर्फी, दोन्ही शुगर-फ्री, मीच बांधून दिली, आणि तू बर्फीची वाटी उघडलीस हे ऐकून दिवसभर मनात एका मुलीची नावं शोधत फिरलो. सांगितलं असतं तर तू ऑर्डर बंद केली असतीस आणि मला तुझ्या दाराशी यायला कारण उरलं नसतं. एवढंच. शेठची भीती नव्हती, नोकरीची नव्हती. दर बुधवारी उद्या सांगू म्हणायचो. त्या बाईंनी पेशंटचं नाव विचारलं तेव्हा मी ‘सुनीती’ म्हणालो, नवऱ्याचं विचारलं तेव्हा माझं सांगितलं. त्यांनी दोन्ही जोडून लिहिलं. ते मी कापून घेतलं. तारीखही कापता आली असती, तुला कळलंही नसतं. पण ती राहू दिली, म्हणजे ‘हा देतोय म्हणजे चांगलंच असणार’ असं तू पुन्हा माझ्याबद्दल म्हणणार नाहीस. आजच दिग्विजयला बोलाव, डबा घेऊन डॉक्टरांकडे जा, एक दिवसही थांबू नकोस. रॅकवरच्या सगळ्या डब्यांची स्टिकरं मी काढून ठेवली आहेत. शेठ चारला येऊन बघतील. हे पाकीट तुमच्या वॉचमनकडे देतो, वर येत नाही. दुकानाचा टी-शर्ट घडी करून काउंटरवर ठेवलाय, त्यावर किल्ली. सुखदेव विचारतोय, कुठे निघालास. त्याला काही सांगत नाही. मागच्या दाराने बाहेर पडतो आणि दार लावून घेतो. या वेळी आपटत नाही.

दर बुधवारी येणारा, आणि यापुढे न येणारा,
साईनाथ