दांडीच्या आठ इनान्ना

५ जानेवारी
खर्च: मासळी सुकवायला मीठ एक गोणी, २५० रु. अगरबत्ती, ३० रु. उन्नतीच्या कॉलेज-कोर्सची पावती, ९०० रु. विषय: प्राचीन मेसोपोटेमियाचं पुरातत्त्व. पोरगी एक तास बसली. म्हणाली, आई, फार बोअर आहे, सोडला. फी परत मिळत नाही. मी मॅट्रिक आहे. तिच्या जागी मी बसणार.

६ जानेवारी
दांडीहून पालघरला गेले. कोर्सचे कमलाकांत सर आधी नको म्हणाले. पावती दाखवली, वर्गात बसवलं. मेसोपोटेमिया म्हणजे दोन नद्यांमधला मुलूख. इतकं सोपं! पहिला नंबर माझाच.

१३ जानेवारी
वर्गात डोळा लागला. मिटल्या डोळ्यांनी माझं लक्ष जास्त असतं. सर म्हणाले, तिथली मातीची वस्तू पाच हजार वर्षं टिकली.

२७ जानेवारी
परीक्षा नाही! सगळ्यांनी तिथल्या इनान्ना देवीच्या मातीच्या मूर्ती केल्या. ३ फेब्रुवारीला प्रदर्शन. मूर्ती नाही तर सर्टिफिकेट नाही. वर्गातल्या सातही पोरांनी ओल्या मूर्ती माझ्याकडे सुकवायला दिल्या. त्यातला मेहुल म्हणाला, काकी, बोंबलाचा वास नाय ना लागणार? चेष्टेखोर मेला. सुकवण्यात माझा हात कोण धरणार?

१ फेब्रुवारी, सकाळी
सुकल्या. देवीला अंगणात सुकत्या जवळा-मासळीशेजारी ठेवणं बरं नव्हे. पाटावर बसवल्या, हळदकुंकू लावलं. माझी धरून आठ देवी, आठ नैवेद्य. रोज परवडायचं नाही. गणपतीसारखा दीडच दिवस ठरवला.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी
हे म्हणाले, गो, कालेजच्या हायत त्या, सरांना इचार तरी. विसर्जनाला परवानगी कसली? भरती छान होती. आठही देवी एका लाटेत गेल्या. प्रदर्शनात पाट मांडीन, अक्षता आहेतच. सर्टिफिकेटला फ्रेम बघून ठेवली.

३ फेब्रुवारी
पाट मांडला. वर्गातली दीपाली रडायला लागली. मेहुल म्हणाला, काकी, आख्खी संस्कृती बुडवलीत. सर म्हणाले, पाच हजार वर्षं टिकली ती तुमच्या घरी दीड दिवस. पोरं पुन्हा मूर्ती करणार, त्यांना सर्टिफिकेट मिळणार. माझं नाव कापलं. प्रसाद मात्र सरांनी दोनदा घेतला.

५ फेब्रुवारी
सर फोन उचलत नाहीत. पोस्टकार्ड टाकलं. मजकूर असा: सा. न. वि. वि. देवी मातीची करायला सांगायची आणि विसर्जनाचा दिवस सांगायचा नाही, ही चूक आपली. मी मनात ठेवलेली नाही. पुढच्या वर्षी याच पावतीवर येणार आहे. तेव्हा देवी किती दिवसांची, ते उलट टपाली कळवावे.