जुनी गोळी अर्धी झाली

अहो,

सप्रेम आणि थोड्या रागानेच नमस्कार.

मी बरी आहे, खोकलाही जवळजवळ गेला. फोनवरच बोलले असते, पण जाऊबाई स्पीकर लावतात, म्हणून पत्र.

फिटची नवी गोळी सुरू झाल्यापासून तुम्ही लटपटताय, हे जाऊबाईंनी हेरलं. नवी गोळी जुनीला अंगातून लवकर बाहेर पडू देत नाही, म्हणून जुनी साठत गेली आणि तुम्हाला एकाचे दोन दिसायला लागले, हे डॉक्टरांनी समजावलं तेही त्यांनाच. जुनीचा डोस अर्धा करून आणला तोही त्यांनीच. उपकार आहेत त्यांचे. पण जळफळाट होतो हो माझा! इथे शर्टांच्या कारखान्यात दिवसभर सुटलेले टाके शोधते मी, आणि माझ्याच नवऱ्याच्या झोकांड्या दिसल्या त्यांना.

या गोळ्यांनी अंगावर पुरळ नाही ना उठलं? उठलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. आपली चिंगी नीट जेवते ना?

दोन्ही गोळ्या जाऊबाईंच्या हातूनच घ्या, मनाने एकही बंद करू नका. पाणी मात्र मला फोन लावून प्या. घोट ऐकू आला पाहिजे मला.

आणि तेवढा स्पीकर बंद ठेवा.

तुमचीच,
मी